पारोसाठी रडताना

मैत्रिणींनो, प्रेमाच्या त्रिकोणाची गोष्ट आपल्याला आवडते, उगाच नाही म्हणू नका! दोघी आणि एक. त्यातल्या एकीनं मन मोठं करून बाजूला व्हायचं, नाहीतर मरून जायचं, आणि तिच्या त्यागानं त्या पुरुषाचा उद्धार व्हायचा. आपण पदर डोळ्यांना लावतो आणि कुकर लावायला उठतो. अशीच एक गोष्ट छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, जिल्ह्यातली आहे. रॉबर्ट गिल आणि पारोची.

अजिंठ्याच्या पायथ्याशी, पळसखेड्याला राहणाऱ्या ना. धों. महानोरांनी तिच्यावर ‘अजिंठा’ ही दीर्घकविता लिहिली. त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी काढलेला चित्रपट २०१२ साली आला. सोनाली कुलकर्णीची पारो पुष्कळजणींनी पाहिली असेल.

गोष्ट अशी सांगतात. मद्रासच्या फौजेतला हा गोरा साहेब लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला येतो. जंगल, एकटेपणा, परकी भाषा. तिथे डोंगरातली एक मुलगी त्याला भेटते. पानाफुलांचे रंग आणून देते, चित्रांतल्या बायका त्याला समजावून सांगते, आणि बदल्यात काही मागत नाही. तिच्यामुळे त्याला चित्रंही कळतात आणि माणूसपणही. मग ती जाते, आणि तो मोडून पडतो.

आता यातलं पक्कं किती? गिलची नेमणूक १८४४ साली झाली, तेव्हा तो चाळिशीचा होता. पुढे कितीतरी वर्षं तो या कामाला चिकटून राहिला. आणि अजिंठा गावात एक कबर आहे. तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं आहे की ही माझ्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ, मृत्यू २३ मे १८५६. बस्स! पारोबद्दलचं बाकी सगळं लोकांच्या तोंडून आणि कवीच्या मनातून आलेलं. पानाफुलांचे रंगसुद्धा.

पण त्रिकोण म्हटला की तिसरी हवी ना? ती होती. गिलचं लग्न झालेलं होतं, मुलंबाळं होती. बायकोचं नाव फ्रान्सिस. खरं सांगा, हे नाव तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलं होतं? पारोवर कविता झाली, सिनेमा झाला. या बाईसाठी मात्र कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. परक्या देशात, त्या काळच्या उन्हातान्हात, रोगराईत तिनं पोरं वाढवली. नवऱ्याचं मन दुसरीकडे गुंतलंय हे तिला कधी कळलं, कळल्यावर ती काय बोलली, कोणी विचारलंच नाही. तिचं सोसणं निःस्वार्थ नव्हतं असं कसं म्हणावं? की लग्नाच्या बायकोनं सोसलं तर तो संसार, आणि दुसरीनं सोसलं तरच प्रेम? सिनेमात आपण पारोच्या बाजूनं रडतो खऱ्या, पण घरी आल्यावर आपल्यातल्या बहुतेकजणी फ्रान्सिसच्याच जागी उभ्या असतो, बरं का!

म्हणून पारोला दोष द्यावा असं मुळीच नाही. त्या बिचारीचा तर शब्दही आपल्यापर्यंत पोचलेला नाही. काही न मागणं हा तिचा स्वभाव होता, की मागायची सोयच नव्हती? साहेबापुढे गावची पोर काय मागणार! सांगणाऱ्यांनी मात्र तिच्या गप्प राहण्यालाच त्याग म्हटलं. आपल्याकडे ते फार सोपं आहे.

आणि साहेबाचा उद्धार? त्याची बरीच मोठी चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळून गेली. अक्षरशः वर्षानुवर्षांची मेहनत! त्याआधीच त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. फर्ग्युसनसाहेबाबरोबरचं त्याचं लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली निघालं. पुढे खानदेशातच त्याचा शेवट झाला, त्याची कबर भुसावळला आहे. गोष्ट सांगणारे म्हणतात, प्रेमानं तो तरला. मला विचाराल तर त्याच्या पदरी एकच गोष्ट मी घालीन. त्या काळी साहेबलोक अशा बायकांचं नावही कुठे उमटू देत नसत. यानं ते दगडावर कोरलं, लाडकी म्हणून, चारचौघांना दिसेल असं. पारोच्या बाबतीत ती भरपाई थोडीफार म्हणता येईल. फ्रान्सिसच्या बाबतीत ती कशी व्हायची, हे मला अजून सुचलेलं नाही.

सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी त्या दिवशी बंद असतात. आणि कबर लेण्यांपाशी नाही हं, अजिंठा गावात आहे. गाव घाटावर, लेणी खाली दरीत. तेव्हा वाटेत गावात उतरायचं, असं गाडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा.