जप्तीची मोटार

आमच्या या छंदाला मराठीत धड नावही नाही. ‘डायोरामा’ म्हटले की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात. अशा वेळी मी दिवाळीतल्या किल्ल्याचे उदाहरण देतो. माती, गोणपाट, अळिवाची हिरवळ, पायऱ्यांवर मावळे आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. हाही डायोरामाच की! फरक इतकाच, की किल्ल्यावरचे महाराज दरवाज्याहून उंच असले तरी कुणी हरकत घेत नाही आणि धाकट्या भावाने बुरुजाखाली आणून ठेवलेली प्लास्टिकची मोटारही खपून जाते. मला आज बोलायचे आहे ते त्या मोटारीविषयी.

युद्धाचे देखावे करणारे बहुतेक जण रणगाड्याच्या मागे असतात. साधी नागरी मोटार घेऊन तिला युद्धात न्यायचे म्हटले की लोकांना ती गरिबाची तडजोड वाटते. “रणगाडा परवडला नाही वाटतं?” असे मला तोंडावर विचारले गेले आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. रणगाडा जन्मापासून लष्कराचा; त्याला पूर्वायुष्य नसते. युद्ध सामान्य माणसाच्या दारात येऊन काय उचलून नेते, हे त्याला सांगताच येत नाही. ते एखाद्या डॉक्टरची नाहीतर किराणा दुकानदाराची मोटार सांगते. अट एकच, की तिला लष्करी करताना तिचा पहिला मालक आपण पुसून टाकता कामा नये.

उदाहरण म्हणून फ्रान्समधली सिट्रोएन ‘ट्रॅक्सिओं अव्हां’ घ्या. नावाचा अर्थ पुढच्या चाकांवर ओढली जाणारी गाडी. १९३४ साली ती बाजारात आली आणि १९५७ पर्यंत निघत राहिली. लांब नाक, बसका बांधा, रंग बहुधा काळा. या एका गाडीने दहा वर्षांत तीन जन्म घेतले. मे-जून १९४० मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या, तेव्हा लक्षावधी माणसे दक्षिणेकडे पळाली. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांनी टपावर गाद्या बांधल्या. विमानातून होणाऱ्या गोळीबारापासून गादीने काय बचाव होणार! पण माणूस बांधतो. मग जर्मनांनी अशा गाड्या जप्त केल्या, राखाडी रंगवल्या आणि त्यांवर सैन्याची ‘डब्ल्यू. एच.’ ही अक्षरे असलेल्या पाट्या लावल्या. गेस्टापोच्या तैनातीतही हीच गाडी होती. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसने उठाव केला तेव्हा बंडखोरांनी याच गाड्यांच्या दारांवर पांढऱ्या रंगात ‘एफ. एफ. आय.’ ही आपल्या सेनेची अक्षरे आणि लॉरेनचा दोन आडव्यांचा क्रूस काढला. निर्वासित, जुलमी आणि मुक्तिसैनिक हे तिघे एकाच आसनावर बसून गेले. तो इतिहास हातभर फळीवर मांडायचा तर रंगाच्या थरांवाचून दुसरा उपाय नाही.

आता गाडी मिळवण्याचे. इथे प्रमाणाचे भूत आडवे येते. लष्करी देखाव्यातली माणसे बहुधा एकास पस्तीस या मापाची असतात, तर दुकानातल्या धातूच्या मोटारी एकास त्रेचाळीसच्या. हे दोन्ही आकडे कुणी विचार करून ठरवलेले नाहीत! जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा केला. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून तो जेवढा झाला तेवढा झाला आणि मागाहून हिशेब केला तर प्रमाण पस्तीस निघाले. त्रेचाळीसचा आकडा इंग्लंडच्या खेळण्यातल्या रेल्वेचा. तिच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायच्या म्हणून त्या मापाच्या मोटारी निघाल्या. त्याचे प्रायश्चित्त आम्ही भोगतो. पावणेसहा फुटी माणूस पस्तीसात पाच सेंटीमीटर उंच, त्रेचाळीसात चार. एका सेंटीमीटरने काय होते, असे ज्याला वाटत असेल त्याने असा सैनिक त्या मोटारीच्या दाराशी उभा करून बघावा. लहान मुलाच्या सायकलवर बसलेल्या काकांची आठवण होते.

तेव्हा खिशात पट्टी ठेवून बाजारात जावे. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास नको. पुष्कळदा खेळणे खोक्याच्या मापाने कापलेले असते. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर मोजावे. ट्रॅक्सिओंच्या आखूड प्रकारात ते २.९१ मीटर होते, म्हणजे पस्तीसात ८३ मिलिमीटर आणि त्रेचाळीसात ६८. तामियाचा पस्तिसातला संचही आहे, पण परदेशी संचाची किंमत ऐकून घरच्यांचा चेहरा बघवत नाही. त्रेचाळीसची गाडी मिळाली तर ती देखाव्याच्या मागच्या कडेला, वळणावर ठेवावी; दूर आहे म्हणून लहान दिसते असे डोळा समजून घेतो. तिच्याजवळ माणूस मात्र ठेवू नये. जुन्या बाजारातली चाके तुटलेली, रंग उडालेली मोटार सर्वांत उत्तम. ती स्वस्त मिळते आणि तिचे निम्मे काम मुलांनी आधीच करून ठेवलेले असते.

रंगकामाविषयी मात्र मी हट्टी आहे. तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून गाडी उघडावी, पेंट रिमूव्हरने कारखान्याचा रंग उतरवावा आणि आधी तिला स्वच्छ, चकचकीत काळी करावी. होय, आधी डॉक्टरसाहेबांची गाडी पुरी करायची. ती वाळली की केसांवर मारायचा स्प्रे, आणि त्यावर पाण्यात विरघळणारा राखाडी रंग. मग ओल्या ब्रशाने दाराची मूठ, पायरी, बॉनेटची कड हलकेच घासली की राखाडी सुटतो आणि खालचा काळा वर येतो. दाराची आतली बाजू काळीच ठेवावी. घाईत रंगवणारा सैनिक तिथे कशाला ब्रश घालील? बंडखोरांची अक्षरे काढताना स्टेन्सिल वापरू नये. ती घाईघाईने हाताने काढलेली होती. एखादा ओघळ आला तर येऊ द्यावा.

याच ओघळांपायी एका प्रदर्शनात माझ्या गाडीचे गुण कापले गेले. “रंगकाम अस्वच्छ”, असा परीक्षकांचा शेरा. शेजारची, शोरूममधून आताच बाहेर पडल्यासारखी तुळतुळीत राखाडी गाडी पहिली आली. तिच्या कर्त्याच्या हातातले कसब मला मान्य आहे. पण ती गाडी कुणाचीच नव्हती. कुणाच्या दारातून ती नेली, हा प्रश्नच तिने पडू दिला नाही.

आमच्या प्राध्यापकांपैकी काहींचा आक्षेप वेगळा आहे. हा सगळा युद्धाचा उदोउदो नव्हे काय, असे ते विचारतात. तुळतुळीत राखाडी गाडीबाबत त्यांचे म्हणणे मला पटते. पण सप्टेंबर १९१४ मध्ये जनरल गालिएनींनी पॅरिसच्या सहाशेच्या आसपास टॅक्सी मार्नच्या आघाडीकडे सैनिक नेण्यासाठी घेतल्या, तेव्हा मीटर चालू होते आणि चालकांना त्या हिशेबाने पैसेही मिळाले. त्यातली एक रेनॉ टॅक्सी पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात आहे. टॅक्सी म्हणूनच ती तिथे आहे. तिला कुणी तोफगाडा केलेले नाही. तिच्यात उदोउदो किती आणि भाड्याचा हिशेब किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि फ्रान्सपर्यंत जायलाच हवे असेही नाही. १९६५च्या युद्धात पंजाबातल्या खाजगी ट्रकचालकांनी दारूगोळा आणि शिधा पुढच्या फळीपर्यंत पोचवला. मालकाने हौसेने रंगवून घेतलेल्या फळ्या, मागे ‘हॉर्न प्लीज’, आणि आत पेट्या. हा देखावा मला करायचा आहे. त्या काळचा, गोल तोंडाचा टाटा-मर्सिडीझ ट्रक पस्तीसच्या जवळपास मापाचा हवा. आज बाजारात मिळतात ते सगळे अलीकडच्या चौकोनी तोंडाचे. कुणाच्या माळ्यावर वडिलांच्या लहानपणचा असा ट्रक पडला असेल तर कृपया कळवावे. चाके नसली तरी चालेल. रंग मात्र खरवडू नये.