पांढऱ्याचे काळे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास काळ्या पडतात. एक चकलीचा पहिला घाणा आणि दुसरा तो पाहून माझा चेहरा. यंदा मात्र एक वस्तू काळी व्हावी म्हणून मी श्रावणापासून चार रविवार खर्ची घातले. पांढऱ्यावर काळे करणे हा मराठीच्या प्राध्यापिकेचा पोटापाण्याचा उद्योगच; पण तो कागदावर. मोटारीच्या बंपरवर तो करावा लागेल, असे एम. ए. होताना कुणी सांगितले असते तर मी विषय बदलला असता.

मोटार अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २०१३ साली निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ती घेतली आणि घेताना सर्वांत स्वस्त प्रकार निवडला. महागड्या प्रकारात बंपर, आरशांची कवचे आणि दारांच्या मुठी गाडीच्याच रंगात येत. स्वस्तात त्या नुसत्या काळ्या प्लॅस्टिकच्या. "बंपर आपटण्यासाठी असतो, मिरवण्यासाठी नव्हे," असे म्हणून अप्पांनी वाद मिटवला होता. पांढरी गाडी आणि काळाभोर बंपर. आई म्हणायची, "काजळ घातल्यासारखी दिसते हो!"

यंदा जूनमध्ये एका संध्याकाळी अप्पांचा अंदाज चुकला आणि एका स्कूटरवाल्याला धक्का लागता लागता राहिला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "उद्यापासून नाही. गाडी विकून टाक." सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी मी वाद घातला नाही. घालायला हवा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जुन्या गाड्यांचा एक दलाल आला. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, राखेच्या रंगाच्या बंपरवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "मॅडम, गाडी उन्हात फार राहिली." मग त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून अप्पा उठून आत गेले. त्याच दिवशी मी ठरवले की बंपर काळा करायचाच.

पहिला उपाय घरचाच. खोबरेल तेल! फडक्यावर घेऊन चोळले आणि काय सांगू, दहा मिनिटांत बंपर लग्नाला निघालेल्या मुलाच्या केसांसारखा चमकू लागला. मी जाऊन अप्पांना हाताला धरून आणले. त्यांनी पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कलप लावलास होय?" चौथ्या दिवशी सोसायटीतली सगळी धूळ त्या तेलाला येऊन चिकटली. सातव्या दिवशी पाऊस आला, पांढऱ्या पत्र्यावर तेलकट ओघळ उतरले आणि बंपर होता तस्साच झाला. फुकट गेले ते एक वाटी तेल.

शेवटी मी आमच्या स्टाफरूममधल्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी आधी मला खुर्चीत बसवले, मग चहा मागवला. माणसाला शिकवायला विद्यार्थी मिळाला की किती आनंद होतो, हे मलाही ठाऊक आहे.

"मॅडम, हे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात," ते म्हणाले. "इटलीत ज्युलिओ नाट्टांनी १९५४ साली ते तयार केलं. १९६३ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना झीग्लर यांच्याबरोबर मिळालं. आता त्यात काळा रंग कशाचा, तर काजळीचा. तुमच्या समईवर धरते तिचीच बहीण. फक्त ही कारखान्यात खनिज तेल अर्धवट जाळून करतात."

"मग ती काजळी उडून गेली?"

"छे! काजळी कुठे जात नाही. उलट ती ऊन स्वतःच्या अंगावर घेते, म्हणून तर प्लॅस्टिक इतकी वर्षं तगतं. पण अगदी वरच्या थरातल्या प्लॅस्टिकच्या साखळ्या उन्हानं आणि हवेतल्या प्राणवायूनं तुटतात. पृष्ठभागाला बारीक बारीक चिरा पडतात. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो ना? तो कुटला की पांढरा का होतो? प्रकाश हजार ठिकाणी विखुरतो म्हणून. इथं तेच. तुमच्या तेलानं त्या चिरा भरल्या, म्हणून काळं दिसलं. नदीतला गोटा ओला असतो तोवर काळा, वाळला की करडा."

म्हणजे काळेपण आतमध्ये शाबूत होते! बिघडले होते ते वरचे कातडे. हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

सरांनी सांगितलेली रीत इथे देते. न जाणो, तुमच्याही दारात एखादी करडी झालेली गाडी असेल. आधी साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बंपर खसाखसा धुवायचा, कारण खरबरीत प्लॅस्टिकमध्ये गाडीच्या पॉलिशचे पांढरे कण अडकून बसलेले असतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जुन्या तेलाचा अंशही ठेवायचा नाही. पूर्ण वाळू द्यायचे. पत्र्याच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावायची. मग प्लॅस्टिकसाठी मुद्दाम मिळणारे लेपाचे द्रावण स्पंजवर घेऊन, सावलीत, अगदी पातळ हात द्यायचा, उरलेले लगेच टिपायचे आणि दिवसभर पाणी लागू द्यायचे नाही. गरम हवेच्या यंत्राने वरचा थर वितळवूनही काळेपणा परत येतो. पण हात जरा रेंगाळला की बंपर वाकडा होतो आणि शेजारचा रंगही जातो. त्या वाटेला मी गेले नाही.

पितृपक्षातल्या एका रविवारी उघडीप मिळाली. शेजाऱ्यांच्या छपराखालची जागा अर्ध्या दिवसापुरती मागून घेतली. अप्पा स्टूल घेऊन जवळ बसले आणि हळूहळू ब्रश त्यांच्याच हातात गेला.

"पुढचा बंपर मागच्यापेक्षा जास्त करडा कसा हो, अप्पा?" मी सहज विचारले.

ते ब्रश फिरवत राहिले. मग म्हणाले, "इस्पितळाच्या आवारात एकच जागा मिळायची. तोंड दक्षिणेला."

आईचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असे, प्रत्येक वेळी चार तास. हे तीन वर्षे चालले. अप्पा तिला आत पोचवत आणि गाडी उन्हात. मी तेव्हा कॉलेजात तास घेत असे, पेपर तपासत असे, परिसंवादांना जात असे. जमेल तेव्हा जाईन म्हणत असे. मी किती वेळा गेले, ते बोटांवर मोजता येईल.

"पुसून टाकायचं ना हे?" मी विचारले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"पुसलं जात नाही ते," अप्पा म्हणाले. "सर म्हणाले ना, आत सगळं तसंच असतं. तू लाव."

मी लावले. बंपर काळा झाला, तेलासारखा चकचकीत नव्हे, मऊ, कोरडा काळा. काजळासारखा.

गेल्या आठवड्यात एक तरुण शिक्षिका नवऱ्यासह गाडी पाहून गेली. तिला गाडी आवडली. एवढ्यात अप्पा म्हणाले, "बाळ, बंपर नवा नाही. महिन्याभरापूर्वी लेप दिलाय, काही काळानं पुन्हा द्यावा लागेल. मागच्या दाराला पोचा आहे, तो असा उजेडाकडून बघ." मी डोळे मिटून घेतले. दलालाने कापलेले पैसे पुन्हा कापले जाणार, असे मला वाटले. पण तिने पोचा पाहिला, नवऱ्याकडे पाहिले आणि सांगितलेल्या किमतीवर इसार देऊन टाकला. म्हणाली, "एवढं सांगणाऱ्याची गाडी बरीच असेल." दसऱ्याला ती गाडी नेणार आहे. जाताना अप्पांनी तिला खडीसाखरेचा दृष्टान्त सांगितला आणि शेवटी म्हणाले, "शक्यतो सावलीत लावत जा."

हा लेख तुमच्या हाती पडेल तेव्हा ती जागा रिकामी झालेली असेल. फार दिवस नव्हे, कारण सोसायटीतली मुले आताच विचारून गेली आहेत की यंदाचा किल्ला तिथे करू का. अप्पांनी परवानगी दिली आहे, अट एवढीच की बुरूज त्यांना विचारून बांधायचे. तिथे दुपारभर ऊन असते. मी त्यांची टोपी काढून ठेवली आहे, आणि त्या दिवसांत मी कुठलाही परिसंवाद घेतलेला नाही.