तीन महिने गुपित ठेवा, पण डॉक्टरांपासून नको

दिवस गेले की तीन महिने कुणाला सांगायचे नाही, अशी पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. नातेवाइकांपुरते ते ठीक. पण त्यापायी पहिली तपासणीही लांबते, हे मला पटत नाही. कारण वार, म्हणजे प्लासेंटा, याच काळात घडत असते.

गर्भ साधारण सहा-सात दिवसांचा असताना गर्भाशयात रुजू लागतो. त्याच्या बाहेरच्या पेशींपासून वार बनते. त्यातल्या काही पेशी एकमेकींत मिसळून वारेचे आवरण होतात. हे आवरण आईच्या रक्तातून ऑक्सिजन आणि अन्न घेते. लघवीच्या चाचणीत दिसणारे एचसीजी हार्मोनही तेच तयार करते. दुसऱ्या काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद करतात. हे काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत चालते.

ते अपुरे राहिले तर बाळाची वाढ खुंटू शकते आणि आईला प्रीएक्लाम्पसिया होऊ शकतो. त्यात बीपी वाढते, पण विसाव्या आठवड्यानंतर. म्हणजे बिघाड आधी होतो, दिसतो उशिरा.

आधीच्या बाळंतपणात असा त्रास, बीपी, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर 12 ते 16 आठवड्यांदरम्यान डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. त्याने धोका कमी होतो. मात्र ती स्वतःच्या मनाने घेऊ नका.

म्हणून 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. दहिवलीकरांना कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणीही होते. शेजाऱ्यांना नंतर सांगा, आशाताईंना आधी.