'चालतंय ना? मग झालं!'

परवा आमच्या ऑफिसात एकाचं टाळ्या वाजवून कौतुक झालं. का? तर रात्री दोन वाजता पडलेली सर्व्हिस त्याने पंधरा मिनिटांत उठवली. ती मुळात बसवली कोणी होती? त्यानेच. हाताने. हे मात्र कोणी विचारलं नाही.

मला या टाळ्यांचा राग येतो. सर्व्हरवर लॉगिन करायचं, चार कमांड मारायच्या, सर्व्हिस सुरू झाली की म्हणायचं, "चालतंय ना? मग झालं!" कुठे लिहून ठेवलंय का विचारलं तर बोट स्वतःच्या डोक्याकडे. आणि अशा माणसाला आपण एक्सपर्ट म्हणतो.

राग येतो कारण मीही त्यातलाच होतो. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या पगाराच्या फायली बँकेकडे पाठवणारी बॅकग्राउंड सर्व्हिस मी हाताने बसवली. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' मारलं, चालली. 'एनेबल' मारायचं राहिलं. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर. 'एनेबल' म्हणजे मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हाही चालू कर. सात महिने मशीन रीबूटच झालं नाही, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. मग एका रात्री कर्नलच्या पॅचसाठी रीबूट झालं. सकाळी वेबसाइट ठणठणीत, डेटाबेस ठणठणीत, आणि माझी सर्व्हिस बंद. ऐन दिवाळीच्या तोंडावर कामगारांचा पगार एक दिवस उशिरा झाला. मला कोणी ओरडलं नाही. पण तिकडच्या अकाउंट्सच्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "दादा, इथे माणसं खाली उभी आहेत हो." ते अजून डोक्यातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस आहे, चुकायचाच. बरोबर! म्हणूनच हे काम माणसाच्या आठवणीवर सोडू नये. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलचं १ ऑगस्ट २०१२ ला काय झालं? आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, एकावर राहिला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान. तिथे काय हुशार माणसं नव्हती?

बरं, उपाय काही कालचा नाही. सीएफइंजिन १९९३ चं, पपेट २००५ चं, ॲन्सिबल २०१२ चं. ॲन्सिबलमध्ये माझी चूक टाळायला दोन ओळी पुरतात: 'स्टेट: स्टार्टेड' आणि 'एनेबल्ड: येस'. फाइल गिटमध्ये, म्हणजे उद्या मी नोकरी सोडली तरी माझ्या डोक्यात काय होतं ते शोधत बसायला नको.

"आमच्याकडे शेल स्क्रिप्ट आहे ना!" हे तर ठरलेलं उत्तर. ठीक आहे, तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवून दाखवा. कॉन्फिग फाइलमध्ये तीच ओळ दोनदा आली नाही तर चहा माझ्याकडून. या टूल्सना आपण 'काय कर' हे सांगत नाही, 'काय असायला हवं' ते सांगतो. तसं असेल तर ती हात लावत नाहीत, नसेल तर दुरुस्त करतात. नीट लिहिलं असेल तर दहा वेळा चालवा, परिणाम तोच.

चुकीची एक ओळ एका झटक्यात चाळीस सर्व्हर पाडू शकते, हे मान्य. म्हणून आधी 'चेक' मोडमध्ये बघा, 'सीरियल' लावून एकेक मशीन घ्या. निदान चूक फाइलमध्ये दिसते तरी.

खरं कारण वेगळंच आहे. भीती! सगळं लिहून ठेवलं तर मला कोण विचारणार? अरे बाबा, रात्री दोन वाजता फक्त तुझाच फोन वाजतो याला किंमत म्हणत नाहीत, वेठबिगारी म्हणतात.

असो. सोमवारी एकच करा. टीममधल्या एकालाच माहीत असलेली एखादी सर्व्हिस निवडा, ती फाइलमध्ये लिहा, कोऱ्या टेस्ट मशीनवर बसवा आणि मशीन रीबूट करा. आपोआप उठली, तर टाळ्या वाजवा.