आपला वेग, आपली वाट

पहाटेच्या वेळी गावोगावच्या मैदानांवर आणि रस्त्यांवर धावणारी माणसे दिसतात. त्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण असतात, तसेच डॉक्टरांनी सावध केल्यावर प्रथमच घराबाहेर पडलेले प्रौढही असतात. तरुणांचे कौतुक होते. प्रौढांच्या वाट्याला मात्र ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न येतो. तो ऐकून कित्येक जण दुसऱ्या दिवशी घरीच थांबतात. थकलेल्या पायांपेक्षा हा प्रश्नच माणसाला अधिक वेळा अडवतो.

या प्रश्नाचे उत्तर फौजा सिंग यांनी आपल्या पायांनी दिले. पंजाबमधील जालंधर जिल्ह्यातले हे शेतकरी. बालपणी पाय इतके दुबळे होते, की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालताही येत नव्हते. उतारवयात पत्नीचे निधन झाले. १९९४ मध्ये एक मुलगा अपघातात गेला. पुढे इंग्लंडमध्ये राहत असताना, या दुःखातून सावरण्यासाठी त्यांनी धावणे जवळ केले. २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांनी लंडन मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर पूर्ण केले. २०११ मध्ये टोरांटो येथे शंभराव्या वर्षी त्यांनी पुन्हा तेवढीच मजल मारली. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजच्या विक्रमांत त्यांची नोंद झाली नाही. परंतु त्यामुळे त्यांनी कापलेले अंतर तसूभरही कमी झाले नाही. २०२५ मध्ये आपल्या गावाजवळच रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

अशी माणसे अपवादात्मक असतात, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. प्रत्येकाने मॅरेथॉन धावावी, अशी अपेक्षा नाही. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की त्यांनी धावायला सुरुवात केली ती कोणाला हरवण्यासाठी नव्हे, तर स्वतःला सावरण्यासाठी. दुसऱ्याशी केलेली तुलना उत्साह देते, पण तो उत्साह नव्याचे नऊ दिवस टिकतो. पुढे धावणारा कोणी ना कोणी नेहमीच असतो. त्याच्याकडे पाहत धावणारा लवकरच निराश होतो. काल शंभर पावलांवर धाप लागली होती आणि आज दीडशे पावलांवर लागली, हे ज्याला कळते, त्याला मात्र उद्या पुन्हा निघण्याचे कारण मिळते.

शरीराचा नियमही असाच आहे. नियमित व्यायामाने हृदय बळकट होते, एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते आणि विश्रांतीच्या वेळी नाडी संथ होते. हा बदल एका दिवसात घडत नाही. आधी चालणे, मग थोडे चालणे व थोडे धावणे आणि मधूनमधून विश्रांती, हाच योग्य क्रम होय. घाई करणाऱ्याला दुखापत गाठते.

तथापि ‘इच्छा तेथे मार्ग’ एवढे म्हणून भागत नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्यांचे यश थोरच आहे. परंतु पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या आणि मग कामावर जाणाऱ्या असंख्य स्त्रियांना स्वतःचा असा अर्धा तासही मिळत नाही. त्यांच्यापाशी जिद्द नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घरच्यांनी कामाचा थोडा भार उचलला आणि शेजाऱ्यांनी हसणे सोडले, तर त्यांचीही पावले मैदानाकडे वळतील. आत्मविकास ही ज्याची त्याची जबाबदारी खरी. पण त्यासाठी वाट मोकळी ठेवणे ही भोवतालच्या सर्वांची जबाबदारी आहे.

जी गोष्ट धावण्याची, तीच शिकण्याची. मध्येच सुटलेले पुस्तक वीस वर्षांनी पुन्हा हाती घेणाऱ्यालाही ‘आता कशाला?’ असे विचारले जाते. त्याने उत्तर देण्यात वेळ घालवू नये. आजचे एक पान वाचावे आणि उद्या पुढचे उघडावे. विचारणारे विचारत राहतील. तोवर त्याचे चार धडे वाचून झालेले असतील.