बोलावणे कोणाचे, पाऊल कोणाकडे?

प्रायश्चित्तकाळ तोंडावर आला की आमच्या धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास कानी येतो: ‘यंदा प्रवचनाला कोण येणार?’ नाव मोठे असले की चेहरे उजळतात, मंडप वाढतो, जादा खुर्च्या भाड्याने येतात. नाव अनोळखी निघाले की ‘बरे’ एवढेच म्हणून मंडळी आपापल्या कामाला लागतात. या प्रश्नात गैर काही नाही. परंतु त्याच्या पाठीशी दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि तो मात्र कोणी विचारीत नाही. गावोगाव फिरणारा प्रवचनकार कोणाचे बोलावणे स्वीकारतो, कोणाचे परतवतो आणि हे तो कशाच्या आधारे ठरवतो?

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. बोलावणे स्वीकारणे वा नाकारणे ही प्रवचनकाराची खाजगी सोय नव्हे. ते त्याचे पहिले प्रवचन होय. व्यासपीठावर तो गरिबांविषयी काय बोलतो हे लोक दोन दिवसांत विसरतात. तो गरिबांकडे गेला की नाही, हे मात्र गरीब विसरत नाहीत.

कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेतील कलम ७६४ नुसार धर्मगुरूला व उपधर्मगुरूला सर्वत्र प्रवचन करण्याची मुभा आहे. त्या त्या मंदिराच्या प्रमुखाची संमती, निदान गृहीत धरण्याजोगी संमती, असली म्हणजे झाले. कायद्याने दार सर्वत्र उघडले. प्रथम कोणत्या दारी जावे हे कायदा सांगत नाही. तेथे सद्सद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते, आणि नेमके तेथेच आम्हांस हल्ली शैथिल्य दिसते.

या बाबतीत प्रभू येशूचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. संत मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम येथील आदल्या संध्याकाळचे वर्णन येते. सारे नगर दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रभू एकांतात प्रार्थनेस गेला असता शिमोन व सोबती त्याला शोधीत आले आणि सगळे आपला शोध करीत आहेत, असे म्हणाले. याहून आग्रहाचे आमंत्रण ते कोणते? श्रोते तयार, कीर्ती पसरलेली, आजारी माणसे खरीखुरी. तरीही प्रभूने आसपासच्या दुसऱ्या गावांची वाट धरली. कफर्णहूमचे लोक अपात्र होते म्हणून नव्हे, तर त्यांना मिळाले होते आणि इतरांना अद्याप मिळावयाचे होते म्हणून. शिवाय हा निर्णय झाला तो प्रार्थनेनंतर, गर्दीचा अंदाज घेतल्यानंतर नव्हे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाने छळले होते. ‘दिदाखे’ या नावाने ओळखला जाणारा एक अतिप्राचीन ग्रंथ १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना सापडला व १८८३ साली प्रसिद्ध झाला. फिरत्या प्रेषिताचे स्वागत प्रभूप्रमाणे करावे, असे त्यात सांगितले आहे. पण तो एक दिवस, गरज भासल्यास दोन दिवस राहील. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. त्या साध्याभोळ्या मंडळींनी वक्तृत्वाची कसोटी लावली नाही. माणूस येतो कसा आणि जातो काय घेऊन, एवढेच त्यांनी पाहिले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे. मान्य. प्रवचनकारालाही पोट आहे, प्रवासाला भाडे लागते, आणि त्याला रिकाम्या हाती परतवणारे धर्मग्राम कृपण होय. परंतु संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. शुभवर्तमानावर उपजीविका करण्याचा हक्क पौल अगदी हिरिरीने सिद्ध करतो आणि लगेच तो हक्क स्वतःहून सोडून देतो. वाटखर्च घेणे वेगळे आणि पाकिटाच्या जाडीवरून तारीख देणे वेगळे. पहिल्यात गरज आहे, दुसऱ्यात व्यापार.

दुसरा आक्षेप: जेथे श्रोते अधिक, तेथे फळ अधिक. हे गणित बाजाराला शोभते. मोठ्या मैदानातील श्रोत्यांपैकी कित्येकांनी त्याच महिन्यात आणखी दोन प्रवचने ऐकलेली असतात. उलट डोंगरातल्या ज्या पाड्यांवर धर्मगुरू महिन्यातून एखाद्या वेळी पोहोचतो, तेथे एका साध्या प्रवचनावर माणसे वर्षभर जगतात. फ्रान्समध्ये संत व्हिन्सेंट दी पॉल यांनी १६१७ साली फोलव्हिल येथे शेतकऱ्यांपुढे प्रवचन केले आणि खेड्यांतील आत्मिक उपासमार त्यांच्या ध्यानी आली. म्हणून त्यांनी स्थापन केलेल्या मिशन संघाच्या १६२५ च्या करारातच अट आली की, या धर्मगुरूंनी मोठ्या शहरांत प्रवचने करू नयेत, खेड्यांत जावे आणि तेथे मोबदला घेऊ नये. व्हिन्सेंटना शहरी श्रोत्यांचा तिटकारा नव्हता. पॅरिसमध्ये वक्त्यांची वाण नाही आणि खेड्यांत कोणी फिरकत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

आणि आपल्या गोव्याचे संत जोसेफ वाझ? १६५१ साली बाणावलीत जन्मलेला हा धर्मगुरू १६८७ साली वेषांतर करून श्रीलंकेत उतरला. डच सत्तेखाली तेथील कॅथलिक जनता धर्मगुरूंना पारखी झाली होती. कोणत्या सण-समितीने त्यांना मानाचे पत्र पाठवले होते? लोकांची गरज हेच त्यांनी बोलावणे मानले आणि १७११ साली कँडी येथे देह ठेवीपर्यंत ते पाळले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद जाहीर केले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणे सोपे होते.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: पवित्र आत्मा नेईल तेथे आम्ही जातो. उत्तम! परंतु प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय काय सांगतो? पवित्र आत्म्याने पौलाला आशियात व बिथुनियात जाण्यापासून रोखले आणि मासेदोनियाच्या माणसाची हाक दृष्टांतात ऐकवली. पौल फिलिप्पैला पोहोचला तेव्हा स्वागताची कमान नव्हती. नदीकाठी काही स्त्रिया जमल्या होत्या, त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया होती. आणि पुढे फटके व तुरुंग होता. आत्मा सदैव मोठ्याच मैदानाकडे नेतो असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांनी तो अनुभव एकदा तपासून घ्यावा.

नकारही प्रवचन ठरू शकतो, याचा दाखला आमच्या पंथाबाहेरून देतो. अमेरिकेचे बाप्टिस्ट प्रवचनकार बिली ग्रॅहम यांच्याइतकी गर्दी क्वचितच कोणी पाहिली असेल. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे स्वतःवर बंधने घालून घेतली: पैशाचा व्यवहार स्वच्छ राखावा, स्थानिक मंडळ्यांना डावलू नये, श्रोत्यांची संख्या फुगवून सांगू नये. दक्षिण आफ्रिकेची आमंत्रणे त्यांनी वर्षानुवर्षे नाकारली, कारण तेथे गोरे व काळे श्रोते वेगळे बसवले जात. अखेर १९७३ साली दर्बान येथे सर्व वर्णांचे लोक एकत्र बसतील तेव्हाच ते गेले. त्यांच्या सर्वच मतांशी आमचे जुळते असे नाही. परंतु त्या रिकाम्या राहिलेल्या वर्षांनी जे सांगितले, ते दहा भाषणांनी सांगितले नसते.

येथवर आम्ही प्रवचनकारांना बोललो. आता स्वतःला बोलणे भाग आहे. आमच्या ओळखीच्या एका लहानशा वस्तीने सणाच्या तयारीसाठी एका नामवंत प्रवचनकारांना चार महिने आधी विचारले होते आणि त्यांनी होकार दिला होता. बायांनी प्रार्थनामंदिर सारवले, पोरांनी गीत बसवले, शेजारच्या गावातून ध्वनिक्षेपक मागून आणला. आठवडाभर आधी निरोप आला की, जमणार नाही. त्याच संध्याकाळी ते एका मोठ्या धर्मग्रामात बोलले. त्या वस्तीत वयोवृद्ध धर्मशिक्षकांनी पवित्र माळेची प्रार्थना चालवली आणि माणसे घरी गेली. आम्हांस हे पुष्कळ दिवसांनी कळले. त्या संध्याकाळी आम्ही मोठ्या मैदानात पुढच्या रांगेत होतो. प्रवचन आवडले होते. विषय कोणता होता, तो आता आठवत नाही.

तेव्हा दोष एकट्या वक्त्याचा नाही. नावाची मागणी आम्ही करतो, पाकीट आम्ही भरतो, शेजारच्या धर्मग्रामापेक्षा आपला वक्ता मोठा असावा ही हौसही आमचीच. संत याकोबाने सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवणाऱ्या मंडळीला फटकारले आहे. ती मंडळी म्हणजे आम्हीच.

म्हणून आमचे मागणे दोन्ही बाजूंना आहे. प्रवचनकारांनी दिलेला शब्द मोठ्या आमंत्रणासाठी मोडू नये. ज्याचे बोलावणे आधी, त्याची तारीख आधी. श्रोते किती, हा प्रश्न विचारूच नये. आपल्याकडे शेवटचे प्रवचन केव्हा झाले, हे विचारावे. ज्या विषयाचा आपला अभ्यास नाही, त्याला नम्रपणे नकार द्यावा. आजार बरे करण्याची जाहिरात करून गर्दी जमवणाऱ्या आयोजकांचे बोलावणे तर स्वीकारूच नये. आणि स्वतःच्या धर्मग्रामाचे वा कुटुंबाचे कर्तव्य ताटकळत ठेवून दौरे आखू नयेत.

आम्हां धर्मग्रामांचे काम त्याहून सोपे आहे. येत्या प्रायश्चित्तकाळासाठी वक्त्याला पत्र लिहिताना शेवटी एक ओळ घालावी: त्याच आठवड्यात आपणांस डोंगराकडच्या एखाद्या वस्तीतून बोलावणे आले, तर आपण प्रथम तिकडे जावे, आम्ही आमच्या धर्मगुरूंचे ऐकू, आणि तुमच्या तिकडच्या प्रवासाचा खर्च आम्ही देऊ.