खुनी सापडलाच पाहिजे!

दिवाळीच्या अंकात खुनाचा विषय काढावा, हे काही जणांना रुचणार नाही. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसलेल्या गृहस्थापुढे प्रेत आणून टाकायचे, हा कुठला शिष्टाचार, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, दिवाळीचे पहिले स्नानच मुळी आपण एका वधाच्या आनंदात करतो. पहाटे अंगाला उटणे लावावे, पायाखाली कारीट चिरडून नरकासुराला ठार करावे आणि मग फराळाला बसावे, ही आपली वाडवडिलांपासूनची रीत. पण नरकासुराचा अपराध शाबीत झालेला होता. त्याच्या बंदिखान्यातून सोळा सहस्र साक्षीदार बाहेर पडले! आज आपण ज्यांच्या मरणावर टाळ्या पिटतो, त्यांच्या बाबतीत एक तरी साक्षीदार तपासण्याची आपणांस गरज वाटते काय? माझे भांडण या प्रश्नावरून आहे, आणि ते मी रहस्यकथेच्या वतीने भांडणार आहे.

रहस्यकथेचे नाव काढताच आपल्याकडील रसिकांची नाके मुरडतात. तिला ओसरीवर बसू द्यावे, पण माजघरात घेऊ नये, असा साहित्याच्या घरातला दंडक. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांच्या झुंझारने आणि काळ्या पहाडाने गिरणीतल्या कामगारापासून वकिलाच्या मुलापर्यंत सर्वांना वाचनालयाची पायरी चढायला लावले. त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक आले, त्यांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंदसारखे नायक उभे केले. पण आज त्यांचे नाव घेताच लोकांना आठवते ती 'दुनियादारी'. ज्या पुस्तकांची पाने वाचून वाचून सुटी झाली, त्या पुस्तकांना समीक्षेच्या पंगतीत पान मांडले गेले नाही. 'तसले वाचन' या दोन शब्दांत त्यांची बोळवण झाली. ही पुस्तके उशीखाली लपवून वाचणारे लोकच चारचौघांत त्यांना नावे ठेवीत, ही आणखी गंमत!

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. मुळशी खोऱ्यात मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा साहित्यशास्त्राच्या मोठमोठ्या संज्ञा माझ्याजवळ नाहीत. पण एवढे मला कळते की, चांगली रहस्यकथा वाचकाला एक फार अवघड सवय लावते. संशय आला म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही, ही ती सवय. पहिल्या प्रकरणात सगळे घर ज्याच्याकडे बोट दाखवते, तो तापट भाचा किंवा तो गरीब गडी शेवटी निरपराध निघतो. वाचकाने मनातल्या मनात त्याला केव्हाच फासावर चढवलेले असते. शेवटच्या प्रकरणात ती गाठ सोडवावी लागते आणि वाचक ओशाळतो. हे ओशाळणे फार मोलाचे आहे. किती कादंबऱ्या वाचकाला असे खाली मान घालायला लावतात?

आणि हे वाङ्मय काही आकाशातून पडलेले नाही. एडगर ॲलन पोने १८४१ साली पहिली गुप्तहेरकथा लिहिली, कॉनन डॉईलने १८८७ मध्ये शेरलॉक होम्सला जगापुढे आणले. मारहाण करून कबुली घेण्यापेक्षा चिखलातला ठसा आणि सिगारची राख अधिक खरे बोलतात, असे मानणाऱ्या काळाचे हे अपत्य आहे. बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ साली निघाली ती कलकत्त्यात, आपल्याच देशात. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांनी १९३२ मध्ये ब्योमकेश बक्षी निर्माण केला. तो स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, म्हणजे सत्याचा शोध घेणारा. बंगाल्यांनी त्याला आपल्या साहित्यात मानाने वागवले.

आता आपल्या रहस्यकथेचीही थोडी कानउघाडणी करतो. नाहीतर माझे वकीलपत्र खोटे ठरेल. आमच्या कित्येक कादंबऱ्यांत शेवटच्या चार पानांत काय घडते? नायक पिस्तूल रोखतो, दिवा लागतो, इन्स्पेक्टर पडद्याआडून पुढे येतो आणि खलनायक त्याच्यासमोर घडाघडा सगळी कबुली देतो. वाचकहो, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली असली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने हे सांगून ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. म्हणजे या कादंबऱ्यांतले निम्मे खुनी दुसऱ्या दिवशी सुटून घरी जातील! लेखकाने पुरावा जमवण्याचा आळस केला आणि पिस्तुलाकडून काम करून घेतले. या आळसाचा मला राग आहे, कारण तोच आळस पुढे समाजाच्या अंगात शिरतो.

तो कसा शिरतो, हे पाहायला मला लांब जावे लागत नाही. आमचा मुळशी तालुका एके काळी सत्याग्रहासाठी ओळखला जाई. धरणाखाली जाणाऱ्या जमिनीसाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथले मावळे लढले. पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, गुंठ्याला सोन्याचा भाव आला, जमिनी विकल्या गेल्या आणि आलेला पैसा मोटारी व मांडव यांत उडाला. ही शोकांतिका प्रवीण तरडे यांनी २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटात मांडली. शेतकऱ्याचा पोर कोयता का उचलतो, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण पोरांनी प्रश्न सोडला आणि कोयता घेतला! आज आठवीतला मुलगा मोबाईलवर कोयत्याचे चित्र लावून मिरवतो. चित्रपटातल्या खुनाला रहस्य नसते, खुनी कोण हे सर्वांना माहीत असते. शोधायचे काही उरलेच नाही की पाहण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे पुढचा वार. गुन्ह्याच्या गोष्टीतून गुप्तहेर काढून घेतला की मागे नुसता गुंड राहतो.

याउलट एक अनुभव सांगतो. वर्गात सहलीचे पैसे गोळा केलेले होते, ते एके दिवशी दिसेनात. अर्ध्या मिनिटात सबंध वर्गाने एका मुलाकडे बोट दाखवले. कारण काय? तर त्याचा थोरला भाऊ एकदा कोठडीत जाऊन आला होता. मुलगा पांढराफटक पडला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ही पोर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची भक्त. तो बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आमच्यासारखाच खेडवळ! ती म्हणाली, "सर, मधल्या सुट्टीत खोलीला कुलूप होतं. मग आत गेलं कोण? आणि पैसे शेवटचे कोणी पाहिले?" एकामागून एक विचारत गेलो. पैसे ठेवलेले पाकीट हजेरीपटात सरकवले होते आणि हजेरीपट कचेरीत गेला होता. पैसे पूर्ण निघाले. चोरी झालीच नव्हती! त्या पोरीने दोन प्रश्न विचारले नसते, तर तो मुलगा जन्मभर चोर म्हणून वाढला असता. आता सांगा, 'तसले वाचन' वाया गेले काय?

वर्गात जे अर्ध्या मिनिटात झाले, तेच देशात मोठ्या प्रमाणावर होते. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ एका तरुणीच्या खुनातील चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच महाराष्ट्राचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाला, असा निष्कर्ष त्या आयोगाने २०२२ मध्ये दिला. फुले उधळणारांना मी एकच विचारतो. त्या अभागी मुलीचा खून कोणी केला, हे आता कोणत्या न्यायालयात सिद्ध होणार? तिच्या गोष्टीचे शेवटचे पान तर तुम्ही गोळीने उडवलेत!

आणि आमच्या मुंबईत? २००६ च्या नोव्हेंबरात एक माणूस चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले. पण त्याला दुपारी वाशीहून उचलून नेल्याचे कळताच त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना तारा धाडल्या होत्या, आणि त्या तारा चकमकीच्या सांगितलेल्या वेळेच्या काही तास आधीच्या होत्या. तारेवरची वेळ! होम्सने याहून वेगळे काय शोधले असते? त्या धाग्यावरून चौकशी सुरू झाली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने ती चकमक बनावट ठरवली आणि पोलिसांनाच जन्मठेपेची शिक्षा दिली.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. "न्यायालये वर्षानुवर्षे घोळ घालतात, तोवर लोकांनी काय करावे?" विलंब मलाही टोचतो. पण पुण्याने १९७६-७७ मध्ये काय पाहिले ते आठवा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. जोशी आणि अभ्यंकर या कुटुंबांवरच्या घाल्यांनी शहर असे हादरले की दिवेलागणीलाच घरोघर कड्या लागत. त्या वेळी कोणाही संशयिताला जमावाच्या हाती दिले असते, तर जमावाने त्याला जिवंत सोडले नसते. पण नदीत वर आलेल्या शेवटच्या प्रेताचा धागा धरून तपास पुढे गेला, एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला, खटला उभा राहिला, अपिले झाली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. सहा वर्षे लागली खरी. पण निरपराध माणूस लटकवला असे पुण्यात कोणी म्हणत नाही. पुराव्याने दिलेल्या शिक्षेत ही ताकद असते. ती मिळवायला वेळ लागतो आणि डोके लागते.

पण माझा खरा संताप याहून वेगळ्या ठिकाणी आहे. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेचे शेवटचे पान फाटलेले निघाले, तर आपण काय करतो? तसेच तडक जाऊन ग्रंथपालाशी भांडतो. रात्रभर झोप येत नाही. आणि प्रत्यक्षात? आमच्या शेजारच्या मावळात, तळेगाव दाभाड्याला, १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारांतले गैरप्रकार माहितीच्या अधिकाराने उजेडात आणणारा हा माणूस. स्थानिक पोलीस झाले, केंद्रीय अन्वेषण विभाग झाला. त्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १० मे २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी, निकाल लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. बंदुकीमागचे डोके कोणाचे, हे पान कोरेच राहिले. या फाटक्या पानांसाठी कोण कोणाशी भांडले? चार दिवस मेणबत्त्या पेटल्या आणि आपण दुसरे पुस्तक उघडले!

हा निर्लज्जपणा रहस्यकथा वाचून येत नाही. तो न वाचल्याने येतो. जिला खुनी सापडल्यावाचून चैन पडत नाही, अशी वाचकांची एक पिढी मला हवी आहे. त्यासाठी माझ्या लेखकबंधूंना मी साकडे घालतो: मुंबईचा बंगला, काळी मोटार आणि पिस्तूल आता पुरे. आमच्या गावच्या पोलीस पाटलाला नायक करा. १९६७ च्या कायद्याने गावातल्या संशयास्पद मृत्यूची खबर देण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकलेले आहे. विहिरीवर पंचनामा होताना त्याला सगळा गाव ओळखतो, बांध कोणी कोरला हे त्याला ठाऊक असते, आणि सातबाऱ्यावर परवा कोणाचे नाव चढले हेही. एका पंचाला दमदाटी झाली तर खटला कसा ढासळतो, ते लिहा. तपास अधिकाऱ्याची ऐन वेळी बदली होते, ते लिहा. शेवटी खुनी कबूल झाला, असे मात्र लिहू नका. त्याच्याविरुद्ध पुरावा जमवून दाखवा, आम्ही ताटकळत बसायला तयार आहोत.

आणि आईबापांनो, या दिवाळीत पोराला हजाराच्या फटाक्यांबरोबर एक चांगली रहस्यकथा आणून द्या. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स द्या, अशोक जैनांनी आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा द्या, फास्टर फेणे द्या. मग भाऊबीजेच्या पंगतीत कोणी ऐटीत म्हणाला की, "असल्यांना गोळ्याच घातल्या पाहिजेत," तर तुमच्या पोराने जिलबी खाली ठेवून विचारावे, "काका, पुरावा काय?" त्या वेळी त्याला दटावू नका.